दुखणं अंगावर काढायचं की खाडा भरायचा? – ऊसतोड मजूर आणि दवाखाना

पाचट (धागाकर्ता)

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. परवा घरातली लोखंडी पेटी आवरताना आईची फाईल सापडली आणि बसलोच लिहायला.

फाईल म्हणजे खताच्या गोणीतलं कापलेलं प्लास्टिक आणि त्यात गुंडाळलेले चार कागद. सोनोग्राफीची पुसट झालेली फिल्म, औषधांच्या दोन चिठ्ठ्या आणि डिस्चार्ज कार्ड. कार्डावर वय ३२, खाली लिहिलंय गर्भाशय काढले. काढलेली पिशवी तपासायला पाठवली होती का, रिपोर्ट काय आला, त्याचा कागदच नाही. मी आता औषधाच्या दुकानात काम करतो म्हणून तो कागद नसल्याचं मला खटकलं. तेव्हा आम्हाला एवढंच कळलं होतं की डॉक्टर म्हणाले, "आत्ता काढली नाही तर कॅन्सर होईल." तक्रार काय होती, तर पांढरं जाणं आणि ओटीपोटात कळ. दुसरीकडे दाखवू असं कुणी म्हणालं नाही. चैत्र चालू होता, पुढच्या हंगामाच्या आत मोकळं व्हायचं होतं.

आम्ही बीड जिल्ह्यातले. आईवडिलांनी एकवीस हंगाम कोयता धरला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हत्याराला कोयता म्हणतातच, पण नवराबायकोच्या जोडीलाही 'एक कोयता' म्हणतात. मुकादमाकडून (टोळी जमवणाऱ्याकडून) उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घ्यायची ती जोडीनं आणि फेडायची ती ऊस तोडून. दसरा-दिवाळी झाली की टोळी निघते सांगली, सातारा, कोल्हापूर नाहीतर थेट बेळगावकडे. परत यायचं कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप हंगाम संपल्यावर.

पहाटे तीनला आई उठायची. भाकरी थापून फडात, म्हणजे तोडीच्या उसात, जायला चार-साडेचार. वडील तोडायचे, आई वाढं (शेंड्याचा हिरवा पाला) छाटून मोळी बांधायची. नंतर गाडी भरायची. ट्रकला फळी लावलेली असते, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मोळी, आणि त्या हलत्या फळीवरून वर चढायचं. ओला ऊस असला की मोळी चाळीस किलोच्या पुढे जाते. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. पाळी आली तरी हेच. फडात आडोसा नाही, कोपीवर (राहायच्या झोपडीवर) संडास नाही. दिवसा जावं लागू नये म्हणून बाया पाणीच कमी पितात. आई आजही तहान लागली की दोन घोटांवर थांबते, ती सवय गेलीच नाही.

आता मुद्द्याचं. आमच्या कोपीपासून सरकारी दवाखाना दोन किलोमीटरवर होता. आई त्या दवाखान्यावरून रोज यायची-जायची. पाच महिन्यांत एकदाही आत गेली नाही. तो सकाळी उघडायचा तेव्हा ती फडात, दुपारी बंद व्हायचा तेव्हाही फडात. एक दिवस मोडून जावं तर खाडा. म्हणून ती दुखणं अंगावर काढायची, आणि गावी आल्यावर जो पहिला दवाखाना दिसेल त्यात, गाठीला पैसे असेतोवर, एका झटक्यात सगळं उरकून टाकायची.

स्थलांतरित मजुरांच्या आरोग्यावर बोलणं निघालं की लोक म्हणतात जागृती नाही, अडाणीपणा आहे. मला ते पटत नाही. दवाखान्याची वेळ आणि मजुराची वेळ जुळत नाही, हे खरं दुखणं आहे. तुमचे अनुभव लिहा.

सातबारा

वाचून सुन्न झालो. खाडा म्हणजे गैरहजेरी ना? एका दिवसाची मजुरी जाते, एवढंच ना?

पाचट

@सातबारा, मजुरी जाते आणि वर दंड बसतो. मजुरी टनावर असते, त्यामुळे तोडलं नाही तर मिळत नाही हे आलंच. शिवाय टोळीतला एक कोयता बसला तर गाडी वेळेत भरत नाही, म्हणून मुकादम हिशेबात खाडा धरतो. आमच्या टोळीत शेवटच्या वर्षी पाचशे रुपये होता. आणि दोघांपैकी एकच आजारी असला तरी जोडीचा कोयता मोडतो. बायकोला ताप आला म्हणून नवऱ्याचाही दिवस जातो. आता सांगा, तापासाठी कोण जाईल?

केसपेपर

मी साखरपट्ट्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. तुमचं 'वेळेचं' म्हणणं शंभर टक्के खरं, आणि ते मला कळायला दोन हंगाम लागले हेही कबूल करतो.

आमची ओपीडी सकाळी साडेआठ ते साडेबारा आणि चार ते सहा. पहिल्या वर्षी मी रजिस्टर बघून खूश होतो की आमच्या भागात ऊसतोड मजुरांमध्ये आजार फारसे नाहीत! मग एकदा रात्री नऊला विंचू चावलेल्या पोराला बघायला कोपीवर गेलो, तर तासाभरात तीसेक जण भोवती जमले. डाव्या हाताच्या बोटावर कोयता लागून पिकलेली जखम (उजव्यानं तोडतात, डाव्यानं ऊस धरतात, त्यामुळे कायम डावाच). उसाचं पान डोळ्यात घासून लाल झालेला डोळा, चार दिवस तसाच. उसाच्या पानांच्या बारीक कुसानं अंगभर खाज. कंबर आणि मान तर सगळ्यांचीच. बायांमध्ये लघवीची जळजळ इतकी सर्रास की तिला त्या आजार म्हणतच नव्हत्या. "ते तर हंगामात असतंयच की," असं एका आजींनी मला समजावलं.

तीन गोष्टी विशेष लिहितो, कारण त्यात जीव जातो.

एक, मण्यार. कोपीत माणसं जमिनीवर झोपतात. मण्यार रात्री चावते, दात बारीक, सूज नाही, वेदना जवळपास नाही. पहाटे पोटात दुखतं, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, आणि शेवटी श्वास अडकतो. लोकांना वाटतं काहीतरी बाधलं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालणारं एकच प्रतिविष आरोग्य केंद्रात मोफत असतं. पण मण्यारीच्या रुग्णाला श्वासाचं यंत्र लागू शकतं, त्यामुळे मोठ्या रुग्णालयात लवकर पोचणं महत्त्वाचं. जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पापण्या सकाळी मिटायला लागल्या तर थेट १०८ लावा. आणि मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपा, साप आत शिरत नाही.

दोन, क्षयरोग. गावी औषध सुरू होतं, दोन महिन्यांनी टोळी निघते आणि औषध तिथेच तुटतं. अहो, सहा महिन्यांचा कोर्स मध्येच सोडला तर साध्या गोळ्यांना दाद न देणारा क्षय होऊ शकतो. प्रत्येक रुग्णाचा निक्षय क्रमांक, म्हणजे क्षयरोगाच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक, असतो. तो घेऊन देशातल्या कुठल्याही सरकारी केंद्रात जा, औषध पुढे चालू होतं, बदलीही त्याच क्रमांकावर होते. पोषणाचे पैसे, २०१८ मध्ये महिन्याला ५०० होते आणि नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले, तेही बँक खात्यावरच येतात, गाव बदलल्यानं अडत नाहीत. हे रुग्णाला निघताना कुणी सांगतच नाही.

तीन, गरोदर बाया. सातव्या-आठव्या महिन्यात मोळ्या उचलत असतात. कार्ड गावी पेटीत ठेवून येतात, "हरवंल म्हणून". मग आधीचं रक्त किती होतं, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं का, मला काहीच कळत नाही. सगळं पहिल्यापासून.

गुऱ्हाळ

दुसरी बाजू पण मांडतो, राग नको. मी वाळवा तालुक्यातला शेतकरी. ऊस वाळायला लागलेला असतो, तोड येत नाही, कारखान्याच्या चिटबॉयच्या (तोडीची पाळी लावणाऱ्या माणसाच्या) मागं फिरायचं, तोड आली की टोळीला खुशाली द्या, वाहनवाल्याला एन्ट्री द्या, म्हणजे दोघांनाही वरचे पैसे. त्यात टोळीत कुणी आजारी पडलं की तोड थांबते आणि वजन आमचं घटतं. आम्ही काय मजुरांचे मालक नाही. पण केसपेपर डॉक्टरांचं वाचून एक आठवलं. आमच्या शेतात बोअरचं पाणी आहे, मोटर चालू करून द्यायला पैसे पडत नाहीत. तरी गेल्या साली टोळीच्या बायका ओढ्याचं पाणी भरत होत्या आणि मी बघत होतो. विचारलं नाही त्यांनी, आणि मीही दिलं नाही. असो.

हिशेबवही

चला, आता मुकादमाला शिव्या सुरू होतीलच. माझे वडील मुकादम होते, त्यामुळे थोडं बोलतो. उचलीचे पैसे मुकादमाच्या घरचे नसतात. कारखाना वाहतूक ठेकेदाराला देतो, ठेकेदार मुकादमाला, मुकादम कोयत्याला. खाली एक कोयता पळाला की वर ठेकेदार आमच्या वडलांच्या दारात. दोन एकर त्यातच गेली आमची. खाडा वडलांनी शोधून काढलेला नाही.

पण खोटं बोलणार नाही. टोळीत कुणाला बरं नसलं की वडील स्वतःच क्रोसिन आणि डायक्लोफिनॅकच्या पट्ट्या वाटायचे. पिशवीभर असायच्या. ती दुखणं दाबायची सोय होती, म्हणजे काम बंद पडू नये. आणि बायकांच्या ऑपरेशनला पैसे वडीलच द्यायचे, ते उचलीत चढायचे. पाळी गेली की महिन्याचे चार दिवस वाचतात, हा हिशेब उघड कुणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना येत होता.

पाचट

@हिशेबवही, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल आभार. आमच्याही ऑपरेशनचे पैसे उचलीतच चढले होते. म्हणजे ज्या कामानं दुखणं आलं, त्या दुखण्याच्या खर्चानंच पुढचा हंगाम बांधला गेला. आई टाके काढल्यावर सहा महिन्यांच्या आत मोळी उचलत होती.

चौकस

भावना समजू शकतो, पण पिशवी काढण्याच्या बातम्यांमध्ये अतिशयोक्ती नाही का? स्त्रियांना खरंच आजार असूही शकतात. सगळे डॉक्टर लुटारू नसतात.

पाचट

@चौकस, सगळे लुटारू आहेत असं मी लिहिलेलंच नाही. आकडे बघा. २०१९ मध्ये बातम्या आल्यावर राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे शंभरात जवळपास सतरा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हेच प्रमाण देशात ३.२ टक्के आणि महाराष्ट्रात २.६ टक्के होतं. आजार खरे असतील हो, पण एकाच जिल्ह्यात, एकाच धंद्यातल्या बायकांना इतके कसे?

ओवी

स्त्रीरोग विभागात परिचारिका होते, आता निवृत्त. पांढरं जाणं हे बऱ्याचदा जंतुसंसर्गाचं लक्षण. त्याला गोळ्यांचा कोर्स लागतो, काही वेळा तोही नवराबायको दोघांना. अंगावरून जास्त जात असेल तर आधी गोळ्या, मग हार्मोनची तांबीसारखी साधनं आहेत, गाठ असेल तर ती केवढी आणि कुठे हे बघतात. पिशवी काढणं सगळ्यात शेवटी. सोबत अंडाशयंही काढली तर पाळी जाण्याचा सगळा त्रास बाईला तिशीतच भोगावा लागतो, अंगातून वाफा, झोप नाही, हाडं ठिसूळ. नुसती पिशवी काढली तरी बऱ्याच जणींना हे वेळेआधी सुरू होतं.

पाचट, तुझ्या आईला घाम-वाफांचा त्रास होता का रे? आणि डिस्चार्ज कार्डावर अंडाशयांचं काही लिहिलंय का बघ.

सांगायची गोष्ट म्हणजे २०१९ नंतर बीडमध्ये खासगी दवाखान्यांना पिशवीच्या शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला लावली. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत असं सांगितलं. पण बाई शेजारच्या जिल्ह्यात गेली की बीडच्या परवानगीचा काय उपयोग?

पाचट

ओवीताई, होता. पस्तिशीत. थंडीच्या रात्री कोपीबाहेर येऊन बसायची. आम्हाला वाटायचं देवीचं काहीतरी आहे. कार्डावर अंडाशयांबद्दल एक अक्षर नाही.

अशिल

वकिली करतो, कामगार न्यायालयात. कायद्यात हा माणूस कुठे सांडतो ते सांगतो.

कारखान्यातल्या कामगाराला आजारपणात आधार कर्मचारी राज्य विम्याचा, १९४८ चा कायदा. तो हंगामी कारखान्यांना लागू नाही, आणि हंगामी कारखान्याच्या व्याख्येत साखर नाव घेऊन लिहिलेली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली, तिच्यातही हंगामी कारखाना बाहेरच. आणि ऊसतोड मजूर तर कारखान्याच्या फाटकाच्याही आत नाही, तो ठेकेदाराच्या मुकादमाचा माणूस.

दुसरा होता १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा. त्यात ठेकेदारानं मोफत वैद्यकीय सोय, राहण्याची जागा, प्रवासभत्ता असं सगळं द्यायचं होतं. पण नावातच आंतरराज्य! बीडची टोळी बेळगावला गेली तर कागदावर हक्क, आणि तीच टोळी कोल्हापूरला थांबली तर नाही. अंतर सारखंच, ऊस सारखाच. (बेळगावला गेलेल्यांनाही यातलं काही मिळालेलं मी पाहिलेलं नाही, तो भाग वेगळा.)

राज्यात गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. त्याला कारखान्यांकडून टनामागे १० रुपये आणि तेवढेच सरकारकडून, अशी पैशांची तरतूद ठरली. त्यातून मुलांची वसतिगृहं उभी राहिली, ते चांगलंच झालं. पण फडाजवळ दवाखाना हवा तर तो कुणाच्या खात्यात, याचं उत्तर प्रत्येक खातं दुसऱ्या खात्याकडे बोट दाखवून देतं.

मीठपाणी

थोडं अवांतर, पण संबंध आहे. मध्य अमेरिकेत, एल साल्वादोर आणि निकाराग्वात, ऊसतोड करणाऱ्या तरुण पुरुषांची मूत्रपिंडं निकामी होत होती. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, तरी तिशीत डायलिसिस. २००२ मध्ये एल साल्वादोरच्या डॉक्टरांनी हे पहिल्यांदा मांडलं. निकाराग्वातल्या चिचिगाल्पाजवळच्या एका वस्तीला तर लोक 'विधवांचं बेट' म्हणायला लागले. कारणांवर अजून वाद आहेत, पण उन्हात तासन्‌तास जड काम आणि अंगातलं पाणी रोजच्या रोज तुटणं यावर बहुतेकांचं एकमत आहे. तिथे मग फडाच्या बांधावर सावलीचे तंबू, पाण्याचे जार आणि ठरलेली विश्रांती सुरू केली, तर मूत्रपिंडाला होणारी इजा कमी झालेली दिसली. तोडही घटली नाही.

आपल्याकडे हंगामाची सुरुवात थंडीतली, पण फेब्रुवारी-मार्चचं ऊन कोण विसरेल? आणि वर पाचटनं लिहिलंय तसं पाणी न पिणं. केसपेपर, तुमच्याकडे कधी क्रिअॅटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळणारी रक्ताची तपासणी) तपासता का?

केसपेपर

@मीठपाणी, नाही तपासलं. आलेल्या रुग्णाचं तपासतो, कोपीवर जाऊन सरसकट कधीच नाही. रक्त घेऊन पाठवता येईल, तालुक्याला यंत्र आहे. हंगामाच्या सुरुवातीला आणि पट्टा पडताना, दोनदा घ्यायला हवं, तरच फरक कळेल.

@अशिल, महात्मा फुले जनआरोग्य योजनेबद्दल लोकांचा गोंधळ असतो, म्हणून लिहितो. ती भरती झाल्यावरच्या उपचारांना आहे, पाच लाखांपर्यंत, आणि राज्यात कुठल्याही अंगीकृत (योजनेत घेतलेल्या) रुग्णालयात चालते, गावाचंच पाहिजे असं नाही. पण बोट पिकलं, डोळा आला, जळजळ झाली, याला ती नाही. त्यासाठी सरकारी दवाखानाच. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचे पैसेसुद्धा लागत नाहीत. म्हणजे पैशाचा प्रश्न सुटला. राहिला तुमचा पहिला प्रश्न, वेळेचा.

सातबारा

मग डॉक्टर, ओपीडी संध्याकाळी आठला का नाही करत? साधा प्रश्न आहे.

केसपेपर

साधा नाही हो. माणसं दोन, तीही रात्रीच्या बाळंतपणाला लागतात. पण गेल्या वर्षीपासून दर गुरुवारी रात्री आठ ते दहा मी आणि एक सिस्टर कोपीवर जातो. आदेश कुणाचा नाही, त्यामुळे पेट्रोलही आमचंच. पहिल्या गुरुवारी पुरुषच आले. तिसऱ्या गुरुवारी सिस्टरनी एका कोपीत वेगळी चादर बांधली, मग बाया आल्या. मुकादम आधी लांबून बघत उभा असायचा. आता तोच गाडी कधी भरून होईल ते फोन करून सांगतो, म्हणजे आम्ही त्या वेळेला पोचतो.

हिशेबवही

त्याला खाडा पडत नाही ना, म्हणून. हसू नका, हेच कारण आहे. काम न मोडता दवाखाना आला तर एकही मुकादम आडवा येणार नाही.

गुऱ्हाळ

आमच्या बांधावर टोळी उतरलीय आत्ता. बोअरची मोटर सकाळी सहाला तासभर चालू ठेवतोय सोमवारपासून. नळाला फडकं बांधलंय. एवढंच.

पाचट

@केसपेपर, व्यक्तिगत निरोप पाठवलाय. माझ्या चुलतभावाची टोळी तुमच्याच कारखान्याच्या गटात आहे. वहिनीला आठवा महिना आहे आणि पट्टा पडायला अजून दीड महिना. कार्ड गावी पेटीतच आहे, आईला काढायला सांगितलंय.

केसपेपर

वाचला निरोप. येत्या गुरुवारी तिथेच जातोय. कार्डाचे फोटो आजच पाठवा, आतली पानंही घ्या, लसीच्या आणि रक्ताच्या तपासणीच्या तारखा आतच असतात. आणि वहिनींना फळीवर चढू देऊ नका, तेवढं भावाला आत्ताच फोन करून सांगा.